रस्ता झाडायचा कुणी? रॅलीतला स्टार्टचा क्रम आणि न्याय

मनवा_के

मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

मी मूळची फॉर्म्युला वनवाली. शनिवारी जो सगळ्यात वेगवान तो रविवारी सगळ्यांच्या पुढून सुटणार, एवढं साधं गणित डोक्यात पक्कं बसलेलं. रॅलीचा नाद अलीकडे लागला आणि आता तो सुटेल असं वाटत नाही. पण स्टार्टच्या क्रमाचा नियम नीट वाचला तेव्हापासून डोकं फिरलंय.

जागतिक अजिंक्यपदाच्या रॅलीत शुक्रवारी, म्हणजे पहिल्या पूर्ण दिवशी, गाड्या एकामागून एक घड्याळाशी पळायला सुटतात त्या गुणतक्त्याच्या क्रमाने. तक्त्यात जो पहिला, तो रस्त्यावरही पहिला. रस्ता मातीचा आणि कोरडा असेल तर वर सैल खडीचा थर असतो. तो पहिल्या गाडीने उडवायचा, दुसरीने उरलेला थोडा उडवायचा, आणि पाचव्या-सहाव्या गाडीला खालचा घट्ट रस्ता आयता मिळायचा. बरं, शनिवारी आणि रविवारी क्रम उलटा. रॅलीत जो पुढे आहे तो शेवटी सुटणार. म्हणजे शुक्रवारी ज्याला साफ रस्ता मिळाला, त्यालाच पुढचे दोन दिवसही साफ रस्ता! एकदा मागे पडलात की पुढेही तुम्हीच झाडू मारा.

काल बसून 2016 चे निकाल काढले. त्या वर्षी तर शुक्रवार-शनिवार दोन्ही दिवस गुणतक्त्याच्या क्रमाने होते. सेबास्टियन ओजिए मोंते कार्लो जिंकला, स्वीडन जिंकला, आणि मार्चपासून मातीवर आला. मग बघा: मेक्सिको लात्वाला, अर्जेंटिना पॅडन, पोर्तुगाल मीक, सार्डिनिया न्यूविल, पोलंड मिकेलसन, फिनलंड पुन्हा मीक. मातीच्या सहा रॅली, ओजिएची एकही नाही. मेक्सिको-अर्जेंटिनात दुसरा, पोर्तुगाल-सार्डिनियात तिसरा. ऑगस्टमध्ये जर्मनीच्या डांबरावर गाडी आली आणि साहेब लगेच जिंकले. अजिंक्यपद त्यानेच घेतलं ही गोष्ट वेगळी. पण त्या सहा रॅलींत जगातला सगळ्यात चांगला ड्रायव्हर अचानक गाडी चालवायला विसरला होता, असं मानायचं का?

त्याने तेव्हा जाहीरपणे तक्रारी केल्या होत्या आणि लोकांनी त्याला रडका म्हटलं. मला तर त्याचं म्हणणं पटतं. टीव्हीवर चुरस दिसावी म्हणून मुद्दाम घातलेला खोडा आहे हा. जाणकारांनी सांगावं, याला न्याय्य म्हणता येईल का? आणि येत नसेल तर दुसरा काही उपाय कुणी करून बघितलाय का?

ब्रेकफेल

खोडा आहेच, आणि असायलाच हवा.

2004 ते 2012 सेबास्टियन लोब. सलग नऊ अजिंक्यपदं. मग 2013 ते 2018 ओजिए. सलग सहा. पंधरा वर्षं दोन सेबास्टियननी वाटून खाल्ली ओ! त्यातल्या कित्येक रॅली मी शनिवारी दुपारीच बंद करून झोपायचो. खोडा असूनही ही अवस्था. नसता तर काय झालं असतं याचा विचार करा.

आणि सगळ्यांना सारखी परिस्थिती हवी असेल तर उघड्यावरचा कुठलाच खेळ बघू नका. रात्रीच्या क्रिकेट सामन्यात दव पडतं, नंतर गोलंदाजी करणाऱ्याच्या हातात ओला चेंडू येतो, आणि कुणाच्या वाट्याला काय हे नाणं ठरवतं. रॅलीत निदान नाणं नाही, गुण बघून ठरवतात.

सार्डिनिया 2024 आठवतंय का? तीन दिवस धूळ खाऊन शेवटी ओट तानाक जिंकला 0.2 सेकंदांनी. समोर कोण, तर ओजिए. शेवटच्या स्टेजवर, म्हणजे वेळ मोजून पळायच्या शेवटच्या टप्प्यावर, ओजिएचा टायर गेला. त्याच्या आधी इतकं कमी अंतर फक्त 2011 च्या जॉर्डन रॅलीत होतं, तेव्हा तोच ओजिए 0.2 ने जिंकला होता, लात्वालासमोर. मला असं बघायचंय. न्याय वगैरे कोर्टात.

नेव्हिगेटरकाका

मनवाताई, प्रश्न चांगला काढलात. ब्रेकफेल, तुमचं नाव सार्थ आहे.

मी बरीच वर्षं डावीकडच्या, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसून मांडीवरच्या वहीतून पेस नोट्स, म्हणजे पुढच्या वळणांच्या खुणा, वाचल्या. आता पाठ साथ देत नाही, म्हणून रॅली आली की मार्शलचं जॅकेट चढवतो आणि एखाद्या वळणावर टेपच्या मागे उभा राहतो. गाडीत बसून जे कधी दिसलं नाही ते तिथे दिसतं, कारण गाडीतून आपल्याला आपला एकच रस्ता दिसतो. वळणावर उभं राहिलं की एकच रस्ता आठ वेळा दिसतो, आणि आठही वेळा वेगळा.

वळण डावं धरा, बाहेरच्या अंगाला थोडा उतार. पहाटे गाड्या यायच्या आधी रस्ता एकसारखा करडा असतो, बोटाच्या पेराएवढे खडे सगळीकडे पसरलेले. पहिली गाडी दिसायच्या आधी ऐकू येते. इंजिनखालच्या पत्र्यावर, सम्प गार्डवर, खडे आदळतात, तडतड. मग ती वळणात शिरते. पुढची चाकं वळलेली असतात, पण गाडी सरळच सरकत राहते, हातभर, कधी दोन हात. ड्रायव्हरला ॲक्सिलरेटर सोडून चाकांनी पकड घेण्याची वाट बघावी लागते. वेळ जातो तो तिथे. दुसऱ्या गाडीला दोन पुसट पट्टे दिसतात. चौथी गेली की पट्टे गडद होतात, खालची घट्ट माती वर येते आणि बाहेरच्या कडेला खड्यांचा छोटा बांध साठतो. सहावी गाडी त्या पट्ट्यांत चाकं ठेवते आणि ॲक्सिलरेटर न सोडता निघून जाते. तेच वळण, त्याच ताकदीचं इंजिन. मात्र आठवी जर वीतभर बाहेर गेली तर त्या बांधावर चढते आणि तिची गत पहिलीपेक्षा वाईट होते. तेव्हा मागून सुटणं म्हणजे नुसती चैन नाही, तिथे चुकायला जागा अरुंद असते.

तोटा किती? सार्डिनियासारख्या ठिकाणी, जिथे घट्ट तळावर वाळूमिश्रित खडी असते, तिथे भरपूर. पाऊस पडून गेलेल्या मातीवर शून्य. नुसता अंदाज यावा म्हणून समजा किलोमीटरमागे अर्धा सेकंद गेला आणि सकाळच्या फेरीत साठ किलोमीटर स्टेज आहेत. झाले तीस सेकंद, जेवणाच्या आधी. 2016 ला अर्जेंटिनात पॅडन आणि ओजिए यांच्यात पंधरा सेकंदही अंतर नव्हतं. त्यामुळे तुमची यादी योगायोग नाही, हे मान्य.

पण त्याच वर्षाची यादी तुम्ही ऑगस्टमध्ये थांबवलीत. पुढे ऑक्टोबरच्या शेवटी वेल्सची रॅली होती. माती, जंगल, चिखल. ती कोण जिंकलं? ओजिए, आणि सगळ्यात आधी सुटून. ओल्या मातीत खडे चिकटून बसतात, झाडायला काही नसतंच, उलट मागच्या गाड्यांना चिखलाचा रबडा मिळतो. डांबरावर तर पहिली जागा हे बक्षीस असतं: पुढच्या गाड्या वळणं आतून कापतात, कडेची माती आणि बारीक खडी रस्त्यावर ओढून आणतात, आणि ती मागच्यांनी खायची. बर्फावर दोन्ही प्रकार. रात्री ताजा भुसभुशीत बर्फ पडला असेल तर पहिला मेला. जुना कडक बर्फ असेल तर पहिल्याची मजा, कारण मागच्यांच्या वाट्याला टायरांच्या खिळ्यांनी फाडलेला, खालची खडी वर आलेला रस्ता येतो. म्हणून हा नियम म्हणजे केवळ पुढच्याला शिक्षा, असं मी म्हणणार नाही. नियम फक्त जागा वाटतो, त्या जागेचं मोल हवामान आणि रस्ता ठरवतात. वर्षभराच्या कॅलेंडरमध्ये माती जास्त आहे, म्हणून बेरजेत पुढचा तोट्यात जातो.

आता "दुसरा उपाय कुणी करून बघितलाय का?" अहो, काय काय नाही केलं!

2012 च्या आधी काही हंगाम असे होते की दुसऱ्या दिवशी रॅलीतला आघाडीवीरच पहिला सुटायचा. कागदावर दिसायला स्वच्छ. झालं काय, तर संध्याकाळच्या शेवटच्या स्टेजवर आघाडीवर असायला कुणी तयारच नाही. रेडिओवर इतरांच्या वेळा घ्यायच्या आणि मुद्दाम काही सेकंद सोडून द्यायचे, म्हणजे उद्या झाडू दुसऱ्याच्या हातात. त्यात टाइम कंट्रोलचा, म्हणजे स्टेजच्या आधी वेळेचं कार्ड द्यायच्या नाक्याचा, हिशेब आणखी वेगळा. ठरलेल्या वेळेच्या आधी कार्ड दिलं तर मिनिटाला एक मिनिट दंड, पण उशीर केला तर मिनिटाला फक्त दहा सेकंद. उशीर स्वस्त पडतो हे नेव्हिगेटरला वेगळं शिकवावं लागत नाही. माझ्या लेखी रॅलीच्या नियमांतला सगळ्यात वाईट काळ तो. मागे पडलेला माणूस झाडतोय यात मला फारसं वावगं वाटत नाही. पण ज्याचं काम वेगात जाणं आहे तो ब्रेकवर पाय ठेवून सेकंद मोजतोय, हे बघवत नाही. वळणावर दगड उचलून बाजूला ठेवणाऱ्या पोरांच्या तोंडावर मारल्यासारखं आहे ते.

मग 2012 ला मातीच्या रॅलींसाठी पात्रता स्टेज आणली. रॅलीच्या आधी एका छोट्या स्टेजवर वेळ लावायची आणि जो सगळ्यात वेगवान त्याने आपली सुटायची जागा आधी निवडायची. 2013 नंतर ती गेली. 2015 आणि 2016 ला तुम्ही म्हणता ती दोन दिवसांची झाडलोट आली. 2017 पासून ती एका दिवसावर आणली, आणि आज तीच पद्धत चालू आहे.

तुमचा तो मुद्दा, की शुक्रवारी मागून सुटलेल्यालाच शनिवारीही फायदा, शंभर टक्के बरोबर आहे. पण त्यातून निदान एक गोष्ट साधते. रॅली सुरू झाल्यावर वेगात जाण्याची शिक्षा कुणालाच होत नाही. शुक्रवारी संध्याकाळी प्रत्येकाला जीव तोडून पळायलाच लागतं. म्हणून एका दिवसाची झाडलोट ही मला सहन होण्यासारखी तडजोड वाटते. वर्षभर सगळ्या रॅली खेळणाऱ्यांमध्ये तर ती आपोआप फिरतेसुद्धा: आज तुम्ही पुढे, तुम्ही झाडा, त्यात तुमचे गुण कमी झाले की उद्या मी.

खरी गळती दुसरीकडे आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. जो सगळ्या रॅली खेळतच नाही, त्याचं काय?

तुमच्याच यादीतला मीक घ्या. त्या वर्षी तो मोजक्याच रॅली खेळत होता, त्यामुळे गुण कमी, त्यामुळे सुटायची जागा मागे. पोर्तुगाल आणि फिनलंड दोन्ही त्याचे. वेगवान होताच, फिनलंड जिंकणारा तो पहिला ब्रिटिश. पण वेग आणि रिकामा तक्ता हे दोन्ही एकाच माणसाकडे आले की काय होतं ते बघा.

आता 2024. थिएरी न्यूविल जानेवारीत मोंते कार्लो जिंकला, तक्त्यात पहिला आला आणि वर्षअखेरपर्यंत पहिलाच राहिला. म्हणजे मातीच्या प्रत्येक रॅलीत शुक्रवारी झाडू त्याच्याच हातात. त्या वर्षी मातीच्या रॅली आठ. केनिया, पोलंड, लाटव्हिया आणि चिली काले रोवानपेराने जिंकल्या, पोर्तुगाल आणि फिनलंड ओजिएने. सार्डिनिया तानाकची, ग्रीस न्यूविलची. आठपैकी सहा अशा दोघांनी नेल्या, ज्यांनी त्या वर्षी अजिंक्यपदासाठी पूर्ण हंगाम खेळायचं ठरवलंच नव्हतं. पोलंडला तर ओजिएला रेकीत, म्हणजे रॅलीआधीच्या रस्त्याच्या पाहणीत, अपघात झाला म्हणून रोवानपेराला ऐन वेळी बोलावलं. आला आणि जिंकून गेला.

दोघेही विश्वविजेते, हे मी विसरत नाही. पहिल्या जागेवरून सुटले असते तरी काही जिंकलेच असते. पण इतका वेगवान माणूस सोयीच्या चार रॅली निवडतो, चुलीवरचं आयतं ताट बघून जेवायला येतो आणि स्वयंपाक करणारा वर्षभर धुरात, याला मी अन्याय म्हणतो. 2016 मध्ये झाडून झाडून वैतागलेला ओजिए 2022 पासून अर्धवेळ खेळतो आणि त्याच नियमाची फळं खातो, यात मला त्याचा दोष दिसत नाही. नियमातच भोक आहे.

मनवा_के

काका, दंडवत. वेल्सचा निकाल मी खरंच बघितला नव्हता, माझी मातीची यादी फिनलंडनंतर सुटलीच.

पण मग त्या पात्रता स्टेजचं काय वाईट होतं? वेगवान माणसाने जागा निवडायची. अर्धवेळ असो की पूर्णवेळ, सगळे एकाच स्टेजवर, एकाच दिवशी. गुणतक्त्याचा संबंधच नाही. माझ्या फॉर्म्युला वनच्या डोक्याला यापेक्षा स्वच्छ काही सुचत नाही.

नेव्हिगेटरकाका

स्वच्छ होतीच. माझं भांडण वेगळं आहे. मातीवर सगळ्यात वेगवान माणूस निवडणार काय, तर मागची जागा. म्हणजे जो आधीच वेगवान त्याला साफ रस्ता, आणि आघाडीच्या गटात जो सगळ्यात संथ तो झाडणार. आधीच मागे असलेल्याला आणखी मागे ढकलायचं. फॉर्म्युला वनमध्ये हेच होतं हे खरं, पण तिथे रविवारी सगळे एकत्र सुटतात, पुढच्याला ओलांडता येतं, डावपेच लढवता येतात. रॅलीत प्रत्येक जण एकटा घड्याळाशी भांडतो. शुक्रवारी जे गेलं ते रस्त्यावर कुणाला गाठून परत मिळत नाही.

शिवाय निवड करायची रॅलीच्या आधी, आणि पाऊस विचारून येत नाही. ढग बघून मागची जागा घ्यायची की पुढची, हा जुगारच झाला. जुगारात चुरस असते, ब्रेकफेल खूश होतील. न्यायासाठी म्हणून आणलेल्या पद्धतीत तो आला की मला हसू येतं.

वाळूचा_ढीग

डकारवाल्यांनी, म्हणजे वाळवंटातल्या लांब पल्ल्याच्या रॅलीवाल्यांनी, यावर बरंच डोकं चालवलंय, ते इथे यायला हवं म्हणून लिहितो.

डकारमध्ये पेस नोट्स नसतात. आयोजक रोडबुक, म्हणजे वाटेच्या खुणांची वही, देतात आणि रस्ता शोधत जायचं. पहिला जो निघेल त्याच्यापुढे वाळवंटात एकही चाकोरी नाही. मागचे त्याच्या चाकोरीवर डोळे लावून येतात, रोडबुककडे अधूनमधून बघितलं तरी भागतं. आज स्टेज जिंकणारा उद्या सगळ्यांच्या आधी सुटतो, वाट शोधत शोधत वेळ घालवतो, परवा पुन्हा मागून सुटतो आणि परत जिंकतो. मोटरसायकलवाल्यांत तर हा पाळणा ठरलेलाच होता, आणि काका म्हणतात तसे मुद्दाम वेळ सोडायचे प्रकारही व्हायचे.

2023 पासून त्यांनी मोटरसायकलींसाठी सरळ वेळेत भरपाई द्यायला सुरुवात केली. सगळ्यात पुढे राहून वाट उघडून देणाऱ्याला ठरलेल्या टप्प्यात किलोमीटरमागे दीड सेकंद परत, दुसऱ्याला एक, तिसऱ्याला अर्धा. म्हणजे झाडू मारा, पण मजुरी घ्या. त्याच वर्षी केविन बेनाविदेस टोबी प्राइसला 43 सेकंदांनी हरवून जिंकला, दोन आठवड्यांच्या शर्यतीनंतर. म्हणजे न्याय आणला की चुरस जाते, हे ब्रेकफेलभाऊंचं म्हणणं मला पटत नाही. स्टेज जिंकायची भीती गेली की लोक जास्त जोरात पळतात.

हीच मजुरी जागतिक रॅलीत का देऊ नये? पहिल्याला किलोमीटरमागे काही दशांश, दुसऱ्याला त्याहून कमी. संपला विषय.

नेव्हिगेटरकाका

ढीगसाहेब, डकारचा उपाय मला मनापासून आवडतो, पण तो तिथेच शोभतो. वाट उघडण्याचं काम वाळवंटात रोज साधारण सारखंच असतं: पुढे चाकोरी आहे किंवा नाही. आमच्याकडे झाडलोटीचा भाव स्टेजगणिक बदलतो. एकच रॅली, सकाळची पहिली स्टेज उन्हात, खडी पातळ. दुसरी जंगलाच्या सावलीत, दव अजून वाळलेलं नाही, तिथे पहिला उलट फायद्यात. तिसरीवरून आदल्या दिवशी ट्रॅक्टर गेलाय. दुपारी त्याच स्टेजची दुसरी फेरी, तोवर सगळ्या गाड्यांनी रस्ता झाडलेला, आता प्रश्न खड्यांचा नाही तर चाकोऱ्यांचा आणि वर आलेल्या धोंड्यांचा. या प्रत्येकाची मजुरी कोण ठरवणार? तज्ज्ञांची समिती बसवलीत तर रॅली रविवारी संपेल आणि निकाल बुधवारी लागेल.

माझा उपाय साधा आहे. शुक्रवारचा क्रम एकूण गुणांवर लावू नका. खेळलेल्या रॅलीमागे सरासरी गुण किती, त्यावर लावा. न्यूविल दहा रॅली खेळून पुढे असेल तर त्याची सरासरी बघा, ओजिए पाच खेळून चार जिंकला असेल तर त्याचीही बघा. मग जो खरोखर जोरात आहे तो झाडेल, नुसता जास्त वेळा हजर राहिला म्हणून कुणी झाडणार नाही.

2025 लाच बघा. एल्फिन एव्हन्स स्वीडन आणि केनिया जिंकून तक्त्यात वर गेला आणि उन्हाळ्यातल्या मातीवर बराच काळ त्यानेच रस्ता झाडला. ओजिए काही रॅली चुकवून आला, पोर्तुगाल जिंकला, सार्डिनिया जिंकला, आणि वर्षअखेर अजिंक्यपद घेतलं चार गुणांनी. चार! अर्धवेळ खेळून विश्वविजेता होणं हा थोर पराक्रम आहे, टोपी काढतो. पण सरासरीवर क्रम असता तर त्या उन्हाळ्यात झाडू कुणाच्या हातात गेला असता याचं गणित करून बघा.

मनवा_के

सरासरीचं गणित आवडलं, पण त्यालाही भोक आहे काका. कुणी वर्षाची पहिलीच रॅली खेळायला जूनमध्ये आला तर? त्याची सरासरी कशाची काढणार? शून्य धरली तर तो सगळ्यात मागे, म्हणजे तुमचा मीक पुन्हा आलाच. गेल्या वर्षीची धरली तर नवीन पोराचं काय?

आणि दुसरं, रोवानपेरा 2022 ला पोर्तुगालमध्ये तक्त्यात पहिला होता. शुक्रवारी सगळ्यांच्या आधी सुटला आणि रॅली जिंकला. तेव्हा त्याचं वय 21. मग हे इतकं अशक्य आहे का?

नेव्हिगेटरकाका

अशक्य नाही हो, कधीच नव्हतं. पोर्तुगालच्या त्या शुक्रवारी त्याने आघाडी घेतली नाही, पण तो हाताच्या अंतरावर राहिला. शनिवारी मागून सुटायला मिळाल्यावर एव्हन्सला गाठलं. झाडणाऱ्याने रॅली कशी जिंकायची याचा तो धडाच आहे: शुक्रवारी हरायचं, पण थोडंसंच. मात्र ज्याला दर रॅलीत आधी तीस सेकंदांची भीक घालून मग जिंकायचं आहे, त्याच्या एका विजयावरून नियम बरा ठरत नाही. एवढंच कळतं की पोरगा भारी आहे.

नवीन माणसाचा तुमचा प्रश्न मात्र बिनतोड आहे. माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. ज्याच्या नावावर पूर्वी जागतिक रॅली जिंकलेली आहे, तो अर्धवेळ आला तर पहिल्या तीन गाड्यांत सुटावा. नवीन पोराला मागे राहू द्या. त्याला एकदा साफ रस्ता मिळाला तर कुणाचं काही बिघडत नाही, आणि ब्रेकफेलना नवीन नाव मिळेल.

ब्रेकफेल

काका, म्हणजे लोबसाहेब पन्नाशीत हौस म्हणून केनियाला आले तरी त्यांनी पहिल्या तिनात सुटून झाडू मारायचा?

नेव्हिगेटरकाका

मारायचा. नऊ अजिंक्यपदं आहेत, एक शुक्रवार झाडला तर बिघडत नाही.

अवांतर: धुळीचा मुद्दा राहूनच गेला. केनियात वारा पडलेला असला की धूळ हवेतच लटकून राहते आणि दोन-तीन मिनिटांचं अंतर असूनही मागच्याला काही दिसत नाही. तिथे पुढे सुटणारा खडे खातो, पण त्याला रस्ता तरी दिसतो. ढीगसाहेब, त्याची मजुरी कुणी कुणाला द्यायची?